हुंकाराची जागा : व्यंकटेश माडगूळकरांची नभोवाणी आणि त्यांची कथा

व्यंकटेश माडगूळकर (१९२७–२००१) यांच्या कथेविषयी बोलताना ‘ते सांगितल्यासारखे लिहितात’ असे म्हणण्याचा प्रघात पडून गेला आहे. या विधानाच्या पुष्ट्यर्थ दोन गोष्टी पुढे केल्या जातात. १९५५ पासून जवळजवळ तीन दशके त्यांनी पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण कार्यक्रम विभागात काम केले, ही एक. आणि शंकर पाटील व द. मा. मिरासदार यांच्यासमवेत त्यांनी गावोगावी कथाकथनाचे कार्यक्रम केले, ही दुसरी. आयुष्यभर जो गोष्ट सांगत आला, त्याचे लिहिणेही सांगण्यासारखेच असणार, असा हा तर्क आहे. तो इतका सरळ आहे की, त्याच्या दोन्ही टोकांना काय आहे ते पाहण्याचे भान राहत नाही. नभोवाणीवर गोष्ट सांगणे म्हणजे नेमके काय करणे, आणि माडगूळकरांच्या छापील वाक्यात त्यातले किती उतरले आहे, हे दोन्ही प्रश्न वेगवेगळे तपासल्यावाचून या विधानाला काही किंमत देता येत नाही.

ही तपासणी पुण्याच्या किंवा माणदेशाच्या बाजूने न करता औशाच्या बाजूने करण्यात एक सोय आहे. औसा हे माडगूळकरांचे गाव नव्हे. त्यांच्या कथेतला मुलूखही नव्हे. तथापि गोष्ट ऐकण्याची सवय या गावाच्या हाडीमाशी खिळलेली आहे, आणि ती सवय पुण्याच्या नभोवाणीने लावलेली नाही. परक्या कानाने ऐकले असता सांगणाऱ्याची लकब कोणती व कथेचे सत्त्व कोणते, हे पुष्कळदा अधिक स्पष्ट होते.

औसा हे आज लातूर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. १९८२ मध्ये लातूर जिल्हा निर्माण होईपर्यंत ते उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात होते, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली. भुईकोट किल्ला आणि तालुक्यातील खरोशाची लेणी यांमुळे इतिहासाच्या अभ्यासकांना ते परिचित आहे; परंतु येथे महत्त्वाची आहे ती भाषेची गोष्ट. निजामी राजवटीत कचेरीची भाषा उर्दू होती, वरच्या शिक्षणाची भाषाही उर्दूच होती. मराठी ही लिहिण्याची, अर्ज करण्याची, नोकरी मिळवण्याची भाषा नव्हती. ती पोथीत होती, ओवीत होती, श्रावणातल्या कहाणीत होती, आणि सर्वांत जिवंत अशी ती कीर्तनात व भजनात होती. वीरनाथ महाराज, मल्लिनाथ महाराज यांच्या नाथ संस्थानाने औशात चक्रीभजनाची जी परंपरा जोपासली, तीत गाणारे एका जागी उभे राहत नाहीत. गात गात फिरतात, आणि ऐकणाऱ्यालाही त्या फेऱ्यात ओढून घेतात. सांगणारा व ऐकणारा यांच्यामध्ये रेघ मारावी अशी जागाच तेथे शिल्लक राहत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्या मुलखात मराठी मुख्यतः कानानेच टिकली, त्या मुलखाला ‘सांगणे’ ही गोष्ट कोणी नव्याने समजावून द्यावी अशी स्थिती नाही.

या सांगण्याचा एक जुना नियम आहे. रात्री गोष्ट सांगताना ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा असतो. हुंकार थांबला की सांगणाऱ्याने समजायचे, पोर झोपले. हुंकार उशिरा आला तर समजायचे, गोष्ट कळली नाही, पुन्हा मागे जावे लागणार. कीर्तनकाराला हेच काम टाळकरी करून देतात, मंडपातली बाया-माणसे करून देतात. म्हणजे गोष्टीची अर्धी रचना श्रोत्याच्या हाती असते. सांगणारा किती लांबवील, कोठे थांबेल, कोणता दृष्टांत गाळील, हे त्याने घरून ठरवून आणलेले नसते. ते हुंकार ठरवीत असतो.

नभोवाणीने हा हुंकार काढून घेतला. बंद खोलीत, मायक्रोफोनपुढे, हाती लिहिलेला कागद घेऊन आणि घड्याळाकडे पाहत गोष्ट सांगणारा माणूस हा या अर्थाने पूर्वीच्या कोणत्याही कथेकऱ्याचा वंशज नाही. त्याला श्रोता दिसत नाही. श्रोत्याला मागचे पान उलटता येत नाही. मिनिटे ठरलेली असतात, आणि ती संपली की गोष्ट संपली नसली तरी वेळ संपते. या तीन अडचणींतून नभोवाणीच्या निवेदनाचे व्यवहारी नियम तयार झाले. पात्राचे नाव पुन्हा पुन्हा घ्यावे, कारण ‘तो’ म्हटले की कोणता तो हे कानाला कळत नाही. कोण बोलत आहे ते बोलण्याआधीच कळू द्यावे. एका वाक्यात एकच गोष्ट सांगावी. महत्त्वाचे असेल ते दोनदा सांगावे. आणि ऐकणारा उठून गेला असेल ही भीती मनात धरून प्रत्येक वळणावर त्याला पुन्हा बोलावून घ्यावे. शेतकऱ्यांसाठी असलेल्या कार्यक्रमांत यात आणखी एकाची भर पडते : बी-बियाणे, खत, रोगराई, सहकारी सोसायटी यांची माहिती दोन-तीन माणसांच्या गप्पांच्या मिषाने द्यावयाची असते, आणि गप्पा तर खऱ्या वाटल्या पाहिजेत.

हे काम हलके नव्हते. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात युनेस्कोच्या साहाय्याने त्याच केंद्रावरून शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग करण्यात आला. तेव्हाच्या मुंबई राज्यातील मराठीभाषिक अशा पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावे त्यासाठी निवडली होती. आठवड्यातून दोनदा, एकूण २० कार्यक्रम झाले. गावकऱ्यांनी एकत्र बसून ऐकावे, चर्चा करावी आणि आपले प्रश्न केंद्राकडे परत पाठवावेत अशी योजना होती. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाचे मूल्यमापन केले व त्याचा अहवाल युनेस्कोने १९५९ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ही योजना देशभर नेण्यात आली. वस्तुतः हा सारा खटाटोप हरवलेला हुंकार परत मिळवण्यासाठीच होता. पत्राने, सभेने, अहवालाने का होईना, पण पलीकडे कोणी ऐकत आहे हे कळावे, एवढीच त्यातली मूळ ओढ. औसा त्या वेळी हैदराबाद राज्याच्या अखेरच्या महिन्यांत होते आणि त्या दीडशे गावांच्या नकाशाबाहेर होते.

माडगूळकर या विभागात आले ते १९५५ मध्ये. त्याच वर्षी, त्याच केंद्रावरून त्यांचे थोरले बंधू ग. दि. माडगूळकर यांचे ‘गीतरामायण’ सुरू झाले आणि वर्षभर दर आठवड्याला महाराष्ट्र त्याची वाट पाहत राहिला. थोरल्याचे शब्द सुधीर फडक्यांच्या चालीवर घरोघर पोहोचत होते. धाकट्याच्या वाट्याला पीकपाण्याच्या गप्पा आल्या होत्या. चरित्रकाराला या योगायोगाचा मोह पडावा हे स्वाभाविक आहे. पण समीक्षेच्या दृष्टीने त्यातली वेगळीच गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ‘गीतरामायण’ हे नभोवाणीसाठी लिहिले गेले आणि नभोवाणीतूनच वाङ्मय म्हणून मान्य झाले. धाकट्या माडगूळकरांनी तीस वर्षांत त्याच केंद्रासाठी जे लिहिले, ते वाङ्मय म्हणून मोजण्याचा विचारही कोणी केला नाही. ते ‘नोकरीतले लेखन’ ठरले, आणि त्यांच्या ग्रंथसूचीच्या बाहेर राहिले.

ही नोकरी त्यांना का घ्यावी लागली, हे त्यांच्या पूर्वायुष्यावरून समजते. माडगुळे हे त्यांचे गाव तेव्हा औंध संस्थानात होते; आज ते सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यात येते. वडील संस्थानच्या नोकरीत, घर मोठे, मिळकत थोडी. १९४२ च्या आंदोलनात शाळा सुटली ती सुटलीच. मॅट्रिकचा दाखला हाती नाही, चित्रकलेचा हात चांगला पण ती पुरती शिकण्याची ऐपत नाही, थोडी पत्रकारिता, मग चित्रपटांसाठी पटकथा-संवाद असे उद्योग करीत त्यांनी तिशी गाठत आणली. इंग्रजी स्वतःच्या हिमतीवर शिकले, तेही परकीय कथाकार मुळातून वाचावेत म्हणून. चित्रपटाचा पैसा बेभरवशाचा. महिन्याच्या महिन्याला पगार देणारे आणि तरीही खेड्याशी संबंध तुटू न देणारे असे दुसरे काम पदवी नसलेल्या माणसाला पुण्यात कोणते मिळणार होते? चित्रपटलेखन त्यांनी पुढेही केले. १९५९ च्या ज्या गाजलेल्या तमाशापटाचे लेखन त्यांचे आहे, त्याचे नावच मुळी ‘सांगत्ये ऐका’ असे असावे, हा नियतीचा थोडा थट्टेखोरपणा म्हणावा लागेल.

येथे एक कालक्रमाची गोष्ट निर्णायक ठरते. ‘माणदेशी माणसे’ हे पुस्तक १९४९ चे. ‘गावाकडच्या गोष्टी’, ‘हस्ताचा पाऊस’ हे संग्रह त्यानंतरच्या चार वर्षांत आले, आणि ‘बनगरवाडी’ पुस्तकरूपाने आली ती १९५५ मध्येच. म्हणजे मराठी वाचकाला जी माडगूळकरांची शैली म्हणून परिचित आहे, ती नभोवाणीच्या दारात पाऊल पडण्यापूर्वीच पूर्ण घडलेली होती. त्यांची आखूड वाक्ये, विशेषणांची टंचाई, भाष्य टाळण्याची खोड यांपैकी काहीही मायक्रोफोनने शिकवलेले नाही. त्याचे श्रेय द्यायचेच तर चित्रकाराच्या हाताला द्यावे लागेल. कागदावर चार रेघांत माणूस उभा करणाऱ्याला पाचवी रेघ कोठे टाळावी हे कळते.

‘माणदेशी माणसे’मधील ‘धर्मा रामोशी’ हे व्यक्तिचित्र या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. अंगावर धड वस्त्र नसलेला म्हातारा धर्मा, त्याची घराबाहेर न पडणारी मुलगी, आणि निवेदकाने दया येऊन त्याला दिलेले जुने धोतर. पुढे ते धोतर म्हाताऱ्याच्या अंगावर दिसत नाही. ते मुलीने लुगड्यासारखे नेसलेले दिसते. मुलगी बाहेर का येत नव्हती हे वाचकाला त्या क्षणी उमगते, आणि गोष्ट तेथेच थांबते. निवेदक उसासा टाकीत नाही, दारिद्र्यावर एक शब्द बोलत नाही.

आता हीच गोष्ट मंडपात सांगणारा कथेकरी काय करील? तो मुलगी घराबाहेर येत नाही ही गोष्ट आधीच दोनदा ठसवील. धोतर देताना ते कसे होते, त्याचा काठ कसा होता, हे सांगून ठेवील, म्हणजे शेवटी ते ओळखू यावे. आणि शेवटी तो थांबेल खरा, पण त्या थांबण्यात श्रोत्यांचा हुंकार तो मोजून घेईल. हुंकार पुरेसा आला नाही तर एक वाक्य जोडील. नभोवाणीवरचा निवेदक तर ते वाक्य जोडल्यावाचून राहणारच नाही, कारण हुंकार आला की नाही हे त्याला कधीच कळायचे नाही. माडगूळकरांच्या छापील मजकुरात ते वाक्य नाही. त्या वाक्याची जागा मात्र आहे. तेथे पूर्णविराम आहे, परिच्छेद संपला आहे, पान कोरे आहे. आणि वाचकाला हुंकार द्यावयाचा असेल तर तेवढी उसंत ठेवली आहे. हे बोलणाऱ्याचे लेखन नव्हे. पुष्कळ ऐकलेल्या, आणि ऐकताना मध्ये न बोललेल्या माणसाचे हे लेखन आहे. ‘सांगितल्यासारखे’ हे विशेषण त्याला लावणे म्हणजे वाक्ये सोपी आहेत एवढ्यावरून ती तोंडची आहेत असे समजणे होय.

‘बनगरवाडी’चा निवेदक राजाराम हा तरुण शिक्षक याच जातीचा आहे. धनगरांच्या वस्तीवर तो शिकवायला येतो, पण शिकवण्यापेक्षा ऐकण्याचेच काम त्याला अधिक पडते. कोणाचा कागद, कोणाचा पैसा, कोणाच्या घरचे भांडण, सारे त्याच्या पायरीशी येऊन बसते. वस्तीचा कारभारी, आनंदा रामोशी, अंजी यांच्या तोंडची भाषा माणदेशी आहे. निवेदकाची मात्र प्रमाण मराठी. ही दोन भाषांतली रेघ माडगूळकरांनी कधी पुसली नाही. तालीम उभी राहते, मग दुष्काळ येतो, माणसे मेंढरे घेऊन जगायला बाहेर पडतात, आणि अखेर मास्तरही जातो. तो त्या गावाचा झाला होता, तरी त्या गावाचा नव्हता.

माडगूळकरांच्या चरित्रात आणि कलेत हा जाणारा-येणारा निवेदक वारंवार भेटतो. तो गावात जन्मलेला आहे, गावाची बोली त्याला येते, पण तो मुक्कामाला पुण्यात आहे. ‘वावटळ’ (१९६४) या कादंबरीत याच नात्याची सर्वांत कठोर परीक्षा आहे. गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ मध्ये पश्चिम महाराष्ट्रातील खेड्यांत ब्राह्मणांची घरे जाळली गेली; शहरातून गावाकडे परतणाऱ्या तरुणांच्या नजरेतून ती कथा सांगितली आहे. या विषयावर लिहिताना तोल सुटणे सोपे होते. कादंबरीत तो सुटलेला नाही, आणि तिच्या गुणांत हा गुण पहिला मोजला पाहिजे. परंतु त्याहून विचार करण्यासारखी गोष्ट अशी की, ही कादंबरी लिहिणारा माणूस तेव्हा नऊ वर्षे रोज त्याच मुलखातील गावकऱ्यांसाठी गप्पा लिहीत होता. चावडीवरचा आवाज त्याचा होता, पण चावडीवर तो नव्हता. नभोवाणीने त्याला गावात हजर राहून गैरहजर राहण्याची सोय करून दिली. ती सोय त्याला सुखाची झाली की सलाची, हे ‘वावटळ’च्या संयमावरून ज्याने त्याने ओळखावे.

कथाकथनाच्या त्रयीचा प्रश्न येथे आपोआप पुढे येतो. माडगूळकर, शंकर पाटील आणि मिरासदार ही नावे एका दमात घेतली जातात, आणि त्यामुळे तिघांची कथा एकाच घाटाची आहे असा समज होतो. मिरासदारांची विनोदी कथा श्रोत्यांच्या हशावर पुढे सरकते. एक हशा संपला की दुसऱ्याची पायरी बांधलेली असते, आणि छापील पानावरही त्या पायऱ्या दिसतात. शंकर पाटलांच्या कथेत बोलीचा प्रवाह इतका जोरकस आहे की, ती मोठ्याने वाचल्यावाचून तिचे सुख पुरते मिळत नाही. या दोघांविषयी ‘सांगितल्यासारखे’ हे विशेषण बरेचसे खरे आहे, आणि त्यात उणेपणा काही नाही. माडगूळकरांची कथा मात्र सभेत उणी पडावी अशीच आहे. तिला हशाची पायरी नाही. शेवटी टाळी घेणारे वाक्य नाही. त्यांना सभेत यश मिळाले ते त्यांच्या कथेच्या जोरावर किती आणि सोबत्यांनी आधीच तापवलेल्या सभेच्या जोरावर किती, असा प्रश्न विचारला तर तो अगदीच अनाठायी ठरणार नाही.

मराठवाड्याने या तिघांचाही मान राखला, आणि तो अशा रीतीने की अभ्यासकाने त्याची नोंद घ्यावी. माडगूळकर १९८३ मध्ये अंबाजोगाईला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. शंकर पाटील १९८५ मध्ये नांदेडला. मिरासदार १९९८ मध्ये परळी वैजनाथला. तिघे कथाकथनकार, तिघेही पश्चिम महाराष्ट्रातले, आणि तिन्ही संमेलने मराठवाड्याच्या भूमीवर. अध्यक्षाची निवड यजमान गाव करीत नाही, हे खरे. तरीही गोष्ट सांगणाऱ्या माणसाला व्यासपीठावर बसवावे आणि त्यासाठी मांडव मराठवाड्यात पडावा, हे तीनदा घडले, ही गोष्ट औशासारख्या गावच्या माणसाला फारशी नवलाची वाटणार नाही. कीर्तनकाराला पाटावर बसवण्याची रीत येथे जुनीच आहे.

अंबाजोगाईचा मान मिळाला त्याच वर्षी माडगूळकरांना ‘सत्तांतर’ या कादंबरीसाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. नभोवाणीचा आणि लेखनाचा संबंध तपासणाऱ्याने खरे तर या पुस्तकापाशीच सर्वांत अधिक थांबावयास हवे. ‘सत्तांतर’ ही वानरांच्या टोळीची कथा आहे. जुन्या नराची सत्ता जाते, नवा येतो, पिलांची हत्या होते, टोळी फुटते, पुन्हा जुळते. पंचतंत्रातल्याप्रमाणे माणसासारखे बोलणारे प्राणी त्यात नाहीत. जे घडते ते वानरांच्या वागण्यातून घडते, आणि निवेदक ते लांबून, दुर्बीण लावून पाहावे तसे पाहत असतो. पाव शतकाहून अधिक काळ ज्याने दुसऱ्यांच्या तोंडी संवाद घालण्याचाच पगार घेतला, त्याने आपल्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत ज्यात कोणी बोलत नाही अशी कादंबरी लिहिली. याला केवळ वन्यजीवनाची आवड म्हणून बाजूस सारणे बरोबर नाही. आवड होतीच, रानात हिंडण्याची, आधी शिकारीची व मग नुसते पाहण्याची, ती आवड ‘नागझिरा’सारख्या पुस्तकात दिसते. पण रान ही त्यांच्यासाठी बोलावे न लागणारी जागाही होती. तेथे निवेदकाला कोणाला उठवून बसवायचे नव्हते, काही दोनदा सांगायचे नव्हते. नभोवाणीने घेतलेल्या शब्दांची भरपाई त्यांनी रानातल्या मुकेपणातून केली, असे म्हटले तर ते अनुमान ठरेल. परंतु ‘सत्तांतर’च्या निवेदनाचा कोरडेपणा समजावून घेण्यास या अनुमानाचा उपयोग होतो.

याच सुमाराचे ‘करुणाष्टक’ (१९८२) हे पुस्तक मात्र उलट दिशेचे आहे. आईची आणि तिच्या आठ मुलांची ही कथा. तीत घरची गरिबी, वडिलांची नोकरी, भावंडांचे वाढणे हे सारे येते. येथे निवेदन संथ आहे, मागे-पुढे जाणारे आहे, क्वचित एकच गोष्ट दोन ठिकाणी सांगणारे आहे. आईविषयी लिहिताना ते ज्याला सांगायचे त्याला जवळ बसवून घेतात. माडगूळकरांच्या लेखनात नभोवाणीच्या सवयीची खूण कोठे शोधायचीच असेल, तर ती माणदेशातल्या कथांपेक्षा या घरगुती पुस्तकात सापडण्याचा संभव अधिक आहे. विशेष म्हणजे ती तेथे दोष म्हणून येत नाही. तरुणपणी जी रेघ टाळली, ती उतारवयात आईसाठी त्यांनी ओढू दिली.

त्यांच्या मर्यादेविषयी बोलल्यावाचून हे विवेचन एकांगी राहील. निवेदनाची भाषा प्रमाण आणि संवादाची भाषा बोली, ही त्यांनी राखलेली रेघ १९५० च्या सुमारास आवश्यक होती, किंबहुना तिच्यामुळेच माणदेशी बोली शहरी वाचकाला मान्य झाली. पण त्या रेघेचा अर्थ असाही होतो की, पाहणारा एका भाषेत आहे आणि पाहिला जाणारा दुसऱ्या. धर्मा रामोशी किंवा आनंदा रामोशी स्वतः आपली गोष्ट सांगत नाहीत. त्यांच्याविषयी सांगितले जाते. पुढे दया पवारांच्या ‘बलुतं’ने (१९७८) ही जागा बदलली. आणि त्याही आधी, औशाच्या अगदी जवळच्या मुलखात, ही रेघ रा. रं. बोराडे यांनी पुसली. बोराडे (१९४०–२०२५) लातूर तालुक्यातील काटगावचे. त्यांच्या ‘पाचोळा’ (१९७१) या कादंबरीत गावातल्या शिंप्याची बायको पार्वती आपल्या घराची धूळधाण स्वतःच्या तोंडाने सांगते, अथपासून इतिपर्यंत आपल्या बोलीत. तिला प्रमाण मराठीत बोलणाऱ्या मास्तराची मध्यस्थी लागत नाही.

‘बनगरवाडी’ आणि ‘पाचोळा’ ही दोन पुस्तके औशाच्या वाचकापुढे ठेवली तर काय होते, हे पाहण्यासारखे आहे. ‘बनगरवाडी’तला दुष्काळ त्याला समजावून द्यावा लागत नाही. माण नदीच्या काठचा असो की तेरणेच्या काठचा असो, पाऊस गेला की वस्ती कशी ओस पडते हे त्याने पाहिलेले असते. भाषा मात्र शेजारच्या घरची आहे. माणदेशी क्रियापदांचे वळण त्याच्या कानाला गोड लागते, पण ते त्याच्या जिभेवरचे नव्हे, ‘काय करायलास?’ असे विचारणाऱ्या मुलखात ते पाहुण्यासारखेच राहते. ‘पाचोळा’तली पार्वती त्याच्या आळीतली बाई आहे. येथे एक विरोधाभास निर्माण होतो. सर्वस्वी बोलीत, तोंडाने सांगितलेली, म्हणजे खऱ्या अर्थाने ‘सांगितल्यासारखी’ कादंबरी हीच आहे. आणि तिचा लेखक नभोवाणीचा निवेदक नव्हता, प्राध्यापकी करणारा होता. ज्याने तीस वर्षे मायक्रोफोनपुढे काढली, त्याच्या कादंबऱ्यांत इतके बोलके कोणी नाही.

तेव्हा माडगूळकरांच्या नभोवाणीतील कारकिर्दीचा त्यांच्या कथेवर प्रभाव कोणता, या प्रश्नाऐवजी विद्यार्थ्यांनी दुसराच प्रश्न हाती घ्यावयास हवा : इतकी वर्षे बोलण्याचा उद्योग करूनही त्यांनी आपल्या कथेला बोलकेपणापासून कसे वाचवले? त्याचे पुरते उत्तर मिळण्यासाठी त्यांचे नभोवाणीतले लेखन आणि छापील लेखन शेजारी-शेजारी ठेवून वाचता आले पाहिजे. एकाच प्रसंगाचे दोन पाठ सापडले, तर कागदावरचे कोणते वाक्य त्यांनी मायक्रोफोनसाठी वाढवले, किंवा मायक्रोफोनपुढचे कोणते वाक्य कागदावर गाळले, हे दाखवता येईल. ग्रामीण कार्यक्रमांच्या संहिता ही रोजच्या वापराची वस्तू समजली जाई. कार्यक्रम झाला की त्यांचे काम संपे, आणि ध्वनिफितींवर पुन्हा नवे मुद्रण करण्याचीही रीत नभोवाणीत सर्वत्र होती. मराठी विभागांतून कवितेच्या हस्तलिखितांसाठी जेवढी धावपळ होते, तेवढी या पिवळ्या टंकलिखित पानांसाठी अद्याप झालेली नाही. संहिता कोणा निवृत्त निवेदकाच्या पेटीत असतील, कोणा केंद्राच्या अडगळीत असतील. आणि गावोगावच्या सामुदायिक रेडिओपुढे बसून त्या ऐकलेली पिढी आता ऐंशीच्या पुढे गेली आहे. त्यांच्यापाशी जाऊन विचारण्याचे काम औसा, निलंगा, अहमदपूर अशा तालुक्यांतील विद्यार्थ्यांना करता येण्यासारखे आहे : पुण्याचा आवाज येथपर्यंत पोहोचत होता काय, आणि पोहोचत असल्यास त्यातली बोली ऐकताना चावडीवर कोणी हुंकार देत होते काय.